लिंबाच्या पानावरचं अंडं ते उडतं फुलपाखरू: घरच्या घरी रूपांतर कसं पाहावं

अळीचं फुलपाखरू होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर जंगलात जायला नको, महागडा कॅमेराही नको. फवारणी न झालेलं एक लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं झाड, जाळीच्या झाकणाचा एक डबा आणि पावसाळ्यातला किंवा त्यानंतरचा साधारण महिनाभर, एवढ्यात हे जमतं. कुंडीतली पानं कुरतडलेली दिसली की अळी शोधून फेकून देणाऱ्यांनी या वेळी ती फेकू नये, एवढीच सुरुवातीची विनंती.

दुसरी विनंती अशी, की कोषापासून सुरुवात करू नका. कुणीतरी कोष लटकलेली फांदी आणून देतं, आपण आठवडाभर वाट पाहतो, एका सकाळी फुलपाखरू बाहेर आलेलं दिसतं आणि सगळं त्या बंद कोषातच घडलं असं वाटतं. खरं तर फुलपाखराची तयारी अळीच्या अंगात आधीपासून चाललेली असते. पंखांचं मूळ हिरव्या अळीच्या कातडीखाली असतंच. अंड्यापासून पाहिलंत तरच कोषातल्या त्या दिवसांचा अर्थ लागेल.

कोणतं फुलपाखरू निवडायचं

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी लिंबू फुलपाखरू घ्यावं. शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलियस. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या आतल्या कडेजवळ विटकरी लाल डाग, आणि या कुळातल्या इतर अनेकांना असते तशी शेपटी मात्र नाही. पंख पसरले की रुंदी ८ ते १० सेंटिमीटर भरते. मुंबईच्या चाळीत, पुण्यातल्या सोसायटीत, कोकणातल्या परसात, विदर्भातल्या संत्र्याच्या बागेत, सगळीकडे ते सापडतं.

त्याची अळी लिंबू, ईडलिंबू, संत्रं, मोसंबी, पपनस, बेल आणि कढीपत्ता यांची पानं खाते. संत्र्या-लिंबाच्या रोपवाटिकेत ही अळी खरोखर नुकसान करते. कोवळ्या रोपाला ती पार उघडं करून टाकते. त्यामुळे शेतकरी तिच्यावर चिडतो त्यात त्याचं काही चुकत नाही. आपल्या बाल्कनीतल्या झाडाची गोष्ट वेगळी. चार फांद्यांची पानं गेली तरी ते झाड पुन्हा फुटतं.

याच झाडांवर कॉमन मॉरमॉनची अळीही सापडते, आणि लहानपणी दोघी इतक्या सारख्या दिसतात की नवख्याला फरक कळत नाही. काळजी करू नका, पुढच्या सगळ्या पायऱ्या दोघींना लागू आहेत. पश्चिम घाटाच्या जवळ राहत असाल तर लिंबाच्या झाडावर ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं नीलवंत, अंडी घालून जाऊ शकतं. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून किंवा जंगलातून अंडी, अळ्या, कोष उचलून आणू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली काही फुलपाखरांना संरक्षण आहे, आणि नवख्या माणसाला अळीवरून जात ओळखता येत नाही. घरच्या कुंडीतल्या, शेजारच्या परसातल्या लिंबावरच्या अळ्या पुरेशा आहेत.

पायरी १: झाड तपासा

इथे बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो. नर्सरीतून आणलेलं रोप टवटवीत दिसतं, कारण त्याच्यावर कीटकनाशक मारलेलं असतं. काही औषधं तर मुळांतून किंवा पानांतून आत शोषली जाऊन झाडाच्या रसातच उतरतात. अशी पानं कितीही धुतली तरी उपयोग नाही. ती खाल्लेली अळी आक्रसते, तोंडातून हिरवं पाणी टाकते आणि मरते. बाजारातल्या कढीपत्त्याच्या जुडीचंही तेच. अळीला ती कधीही घालू नका.

नवं रोप आणलं असेल तर ते काही महिने बाजूला ठेवून वाढू द्या. औषध मारू नका, नेहमीचं पाणी आणि शेणखत द्या. नवी पालवी दोन-तीनदा येऊन गेली की ते रोप वापरायला हरकत नाही. घरात जुनं लिंबाचं, बेलाचं किंवा कढीपत्त्याचं झाड असेल तर सगळ्यात उत्तम. एका अळीला शेवटच्या दिवसांत बरीच पानं लागतात, म्हणून लहान रोपावर एक किंवा दोनच अळ्या ठेवा. रोप दीडेक फुटाचं असेल आणि त्यावर पाच अळ्या असतील तर तीन तरी दुसरीकडे हलवाव्या लागतील.

पायरी २: अंडं शोधा

ऊन पडलेल्या सकाळी, साधारण नऊ ते बाराच्या दरम्यान, झाडापाशी थांबा. अंडी घालायला आलेली मादी ओळखू येते. फुलावर आलेलं फुलपाखरू सोंड सोडून स्थिरावतं. ही मात्र पंख फडफडवत पालवीभोवती घुटमळते, पानाला पायांनी क्षणभर स्पर्श करते आणि पुढे जाते. तिच्या पुढच्या पायांवर चव कळणारी ज्ञानेंद्रियं असतात. पान लिंबाच्या कुळातलं आहे की नाही हे ती पायांनी चाखून ठरवते. पटलं की पोट वाकवून एक अंडं चिकटवते आणि उडून जाते. एका पानावर ती सहसा एकच अंडं घालते.

मादी दिसली नाही तरी अंडं सापडतं. फांदीच्या टोकाची अगदी कोवळी, तांबूस किंवा पोपटी पानं वरून आणि खालून पाहा. अंडं गोल, गुळगुळीत, फिकट पिवळं, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान असतं. सापडलं की ते खरवडून काढू नका. ज्या डहाळीवर ते आहे ती डहाळी कापून घ्या, किंवा कुंडी लहान असेल तर अंडं झाडावरच राहू द्या.

उन्हाळी-पावसाळी उबेत अंडं तीन ते पाच दिवसांत फुटतं. त्याआधी रंग गडद होत जातो आणि कवचातून अळीचं डोकं काळ्या ठिपक्यासारखं दिसू लागतं. अंडं सगळंच काळंभोर झालं आणि आठवड्यानंतरही काही बाहेर आलं नाही, तर त्यात बहुधा परजीवी गांधीलमाशीची पिल्लं आहेत. या गांधीलमाश्या इतक्या बारीक असतात की त्यांची अख्खी वाढ त्या एका अंड्यात होते. निसर्गात असंख्य अंडी अशीच जातात. दुसरं अंडं शोधा.

पायरी ३: राहण्याची सोय करा

अळी झाडावरच ठेवून पाहता आली तर त्यासारखं काही नाही, पण मुंग्या, कोळी, बुलबुल आणि प्रार्थनाकीटक यांतून ती पार पडणं कठीण. म्हणून डबा. दोन-तीन लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाऐवजी मच्छरदाणीचं किंवा मलमलीचं कापड रबरबँडने बांधा. तळाला टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राचा कागद. डहाळी ताजी राहावी म्हणून ती पाणी भरलेल्या छोट्या बाटलीत उभी करा आणि बाटलीचं तोंड कापसाने पूर्ण बंद करा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण उघड्या बाटलीत देठावरून खाली उतरलेली अळी हमखास बुडते.

डबा उजेडात ठेवा, उन्हात नको. बंद प्लास्टिकच्या डब्यावर थेट ऊन आलं तर आतलं तापमान बघता बघता वाढतं. वरून पाणी शिंपडू नका. अळीला लागणारं पाणी पानातूनच मिळतं, आणि ओलसर डब्यात बुरशी धरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या खोलीत डबा आहे तिथे डासांची कॉइल, प्लगमध्ये लावायचं लिक्विड, डास पळवणारी अगरबत्ती, झुरळांचा स्प्रे यांतलं काहीही चालणार नाही. डास मारणारं औषध अळीलाही मारतं. हाताला डासांचं मलम लावलं असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्यात घालू नका. अळ्या 'उगाच' मेल्या असं सांगणाऱ्या घरांत मी आधी हेच विचारते, आणि बरेचदा उत्तर तिथेच सापडतं.

मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटलीत ठेवलेल्या वाटीवर ठेवा. जुना, साधा, खात्रीचा उपाय.

पायरी ४: पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी

अंड्यातून बाहेर पडलेली अळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते आणि पहिलं जेवण म्हणून अंड्याचं कवच खाते. ते काढून घेऊ नका. मग ती कोवळ्या पानाची कड कुरतडायला लागते. या वयात जून पान दिलं तर तिचे जबडे त्याला पुरत नाहीत, म्हणून पहिला आठवडा फक्त पालवी द्या.

तिचा रंग तपकिरी-काळा, मध्ये पांढरा पट्टा, अंग ओलसर चकचकीत. पानावर पक्षी शिटला आहे असंच वाटतं, आणि तसं वाटणं हेच तिचं संरक्षण. ती पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर निवांत बसते. तिला लपायची गरज पडत नाही.

वाढताना अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था होतात. कारण सरळ आहे. तिची बाहेरची कातडी एका मर्यादेपलीकडे ताणत नाही, आणि डोक्याचं कठीण कवच तर अजिबात वाढत नाही. आत नवी कातडी तयार होते, जुनी फाटते आणि अळी तिच्यातून पुढे सरकून बाहेर येते. कात टाकण्यापूर्वी ती रेशमाचा पातळ थर पानावर पसरून पायांनी त्याला धरते आणि दिवसभर न खाता बसून राहते. नवखा माणूस इथे घाबरतो, अळी आजारी आहे समजून तिला उचलतो, दुसऱ्या पानावर ठेवतो. पायांची पकड सुटली की कात नीट निघत नाही आणि अळी मरू शकते. खात नसलेल्या अळीला हात लावू नका, हा नियम घरातल्या लहानांनाही सांगून ठेवा. त्या पानाला धक्का न लावता फक्त बाजूला ताजी डहाळी ठेवा.

कात टाकून झाल्यावर ती बहुधा जुनी कातडीही खाऊन टाकते. डोक्याचं कवच मात्र खाली पडलेलं सापडतं. ती कवचं एका कागदावर ओळीने चिकटवून ठेवा. वाढ कशी टप्प्याटप्प्याने होते ते मुलांना यातून जितकं समजतं तितकं पुस्तकातल्या चित्रातून समजत नाही.

रोजचं काम दहा मिनिटांचं. लेंड्या झटका, कागद बदला, डहाळी बदला. लहान अळी हलवायची वेळ आलीच तर चित्रकलेच्या मऊ ब्रशच्या टोकावर तिला चढू द्या. बोटांनी ओढू नका. तिच्या पोटाखाली मागच्या बाजूला मांसल पायांच्या पाच जोड्या असतात, त्यांच्या टोकांना बारीक आकडे असतात, आणि ओढलं की ते फाटतात. छातीकडचे सहा पाय खरे. फुलपाखराचे सहा पाय येतात ते या सहांच्या जागी. रोज एकाच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून एक फोटो काढला तर महिन्याअखेरीस सुंदर नोंद तयार होते.

ही अळी केसाळ नसते आणि अंगाला खाजही आणत नाही. केसाळ सुरवंट मात्र कुठल्याच झाडावरून उघड्या हाताने उचलू नका.

पायरी ५: हिरवी अळी

चौथ्यांदा कात टाकली की जी अळी बाहेर येते ती आधीच्या अळीशी नातं सांगत नाही. हिरवीगार, पाठीवर तपकिरी-काळपट आडवे पट्टे, छातीचा भाग फुगलेला. वाढून ती साधारण चार सेंटिमीटरची होते. आता एवढ्या मोठ्या जिवाला पक्ष्याची शीट म्हणून खपणं शक्य नाही, म्हणून पानाच्या रंगात मिसळणं हा दुसरा मार्ग.

तिला हलकेच डिवचलंत तर डोक्यामागून दोन फाट्यांचं लालसर शिंगासारखं अवयव झटकन बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. त्या अवयवाचं नाव ऑस्मेटेरियम. मुंग्या, कोळी यांना दूर ठेवायला तो वास कामी येतो. एकदा पाहायला हरकत नाही, पण मुलांना पुन्हा पुन्हा करू देऊ नका. अळीची ताकद त्यात खर्च होते.

अळी आयुष्यभरात जेवढं खाते त्यातला सर्वांत मोठा वाटा या शेवटच्या अवस्थेतला. सकाळी ठेवलेली डहाळी संध्याकाळी नुसता देठ उरलेली दिसेल. जून पानं आता चालतात. पानं संपू देऊ नका, कारण फुलपाखरू केवढं मोठं होणार हे इथे ठरतं. फुलपाखराला नंतर वाढता येत नाही. लहान फुलपाखरू म्हणजे मोठ्या फुलपाखराचं पिल्लू अशी समजूत असते, ती चुकीची आहे. कोषातून निघालेलं फुलपाखरू शेवटपर्यंत तेवढंच राहतं.

अंडं फुटल्यापासून इथवर साधारण दोन ते तीन आठवडे जातात. थंडीत जास्त.

पायरी ६: भटकंती आणि दोरा

एके दिवशी अळी खाणं थांबवते. नेहमीच्या कोरड्या लेंड्यांऐवजी पातळ, ओली विष्ठा टाकते, म्हणजे पोट रिकामं करते. अंग थोडं आक्रसतं, रंग किंचित पारदर्शक होतो आणि ती डबाभर चालत सुटते. हा आजार नाही, कोष करायची जागा शोधणं चाललं आहे. डब्यात चार-पाच काटक्या तिरक्या उभ्या करून ठेवा, काही हिरव्या डहाळ्या, काही वाळलेल्या. झाकण नीट बांधलेलं आहे ना ते पाहा, नाहीतर अळी पंख्याच्या बटणामागे किंवा पडद्यावर जाऊन कोष करते.

जागा पसंत पडली की ती तिथे रेशमाची छोटी गादी विणते आणि शेपटीकडचं टोक त्यात रोवते. नंतर डोकं मागे वाकवून, डावीकडून उजवीकडे आणि परत अशा फेऱ्या मारत, ती स्वतःच्या पाठीभोवती रेशमी धाग्यांचा फास तयार करते आणि त्यात टेकून बसते. हे रेशीम तोंडाच्या खालच्या बाजूने येतं. पुढचा साधारण एक दिवस ती वाकलेली, निश्चल असते. मग कातडी डोक्यामागे फाटते आणि एखाद-दोन मिनिटांत मागे सरकत शेपटीपर्यंत जाते. आतून कोष बाहेर येतो. जुनी कातडी झटकून टाकताना त्याला शेपटीचं आकड्यांचं टोक क्षणभर मोकळं करून पुन्हा रेशमाच्या गादीत अडकवावं लागतं. पाठीवरचा दोरा नसता तर तो याच क्षणी खाली पडला असता.

हा सगळा प्रसंग पाहायचा असेल तर वाकलेल्या अळीवर लक्ष ठेवा. अंग सरळ होऊ लागलं आणि त्यावर लाटा उठल्यासारख्या हालचाली दिसल्या की उठू नका. सगळ्या रूपांतरात मला सगळ्यात देखणा वाटणारा भाग हा आहे, फुलपाखरू बाहेर येण्यापेक्षाही.

कोष ताजा असताना मऊ असतो. काही तास त्याला हवेचा झोत, बोट, ब्रश काहीही लागू देऊ नका.

पायरी ७: कोषाचे दिवस, आणि आत काय चाललंय

हिरव्या पानांत, गुळगुळीत डहाळीवर झालेला कोष बहुधा हिरवा असतो. खडबडीत, वाळक्या काटकीवरचा तपकिरी. एकाच डब्यात दोन्ही रंग मिळू शकतात. रंग आसपासच्या पृष्ठभागावरून ठरतो आणि एकदा ठरला की बदलत नाही, म्हणून कोष झाल्यावर काटकी बदलून रंग बदलतो का ते पाहण्यात अर्थ नाही.

आता आत काय होतं? अळीच्या शरीरात लहानपणापासूनच पेशींचे छोटे पुंजके असतात. एक पुंजका पुढच्या पंखासाठी, एक मागच्या, एक मिशीसाठी, असे. ते अळीच्या रोजच्या जगण्यात काहीच करत नाहीत. त्यांना थोपवून धरतं ते ज्युव्हेनाइल हार्मोन, जे डोक्याजवळच्या बारीक ग्रंथींतून स्रवतं. कात टाकायचा हुकूम देणारं संप्रेरक निराळं, त्याचं नाव एक्डायसोन. एक्डायसोन वाढलं आणि ज्युव्हेनाइल हार्मोनही भरपूर असलं तर कात टाकून पुन्हा अळीच बाहेर येते. शेवटच्या अवस्थेत, अळी पुरेशी वाढल्यावर, ज्युव्हेनाइल हार्मोन घटतं. मग आलेलं एक्डायसोन शरीराला कोषाकडे नेतं. म्हणजे तुमची अळी जेव्हा मन लावून पानं खात होती तेव्हाच तिच्या कातडीखाली पंख वाढत होते.

कोषात गेल्यावर अळीचे बरेचसे स्नायू आणि पचनसंस्थेच्या पेशी विरघळतात आणि त्यातून मिळालेलं द्रव्य नव्या अवयवांच्या बांधणीला लागतं. 'सगळी अळी विरघळून नुसता रस होतो' असं जे सांगितलं जातं ते मात्र पूर्ण खरं नाही. २०१३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी पेंटेड लेडी या फुलपाखराचे जिवंत कोष न फोडता, क्ष-किरणांच्या सूक्ष्म सीटी स्कॅनने, दिवसागणिक पाहिले. श्वासनलिका फार लवकर स्पष्ट आकार घेतात आणि पुढचे दिवस मुख्यतः वाढत राहतात, असं त्यांना दिसलं. मज्जासंस्थाही नव्याने मांडली जाते, पण पुसली जात नाही. याचा एक सुंदर पुरावा २००८ साली अमेरिकेत मिळाला, तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगावर. त्याच्या अळ्यांना एका विशिष्ट वासासोबत सौम्य विजेचा झटका देऊन तो वास टाळायला शिकवलं. शेवटच्या अवस्थेत शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाल्यावरही त्यातले बरेच तो वास टाळत होते. त्याआधीच्या अवस्थेत शिकलेल्या मात्र विसरल्या होत्या. म्हणजे मेंदूतलं काहीतरी कोष पार करून पलीकडे जातं.

तोंडाचा बदलही पाहण्यासारखा. अळीचे पान कापणारे जबडे जातात आणि त्यांच्या शेजारच्या जोडीपासून लांब सोंड बनते. अळीला डोक्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा साधे डोळे असतात, उजेड-अंधार कळण्यापुरते. त्यांच्या जागी हजारो भिंगांचे संयुक्त डोळे येतात.

तुम्ही करायचं काम इथे सर्वांत कमी. डबा सावलीत, हवेशीर, न हलवता ठेवा. कोष हवेतून श्वास घेतो, तेव्हा हवाबंद झाकण लावू नका. खूप कोरडी हवा असेल तर डब्याशेजारी पाण्याची वाटी ठेवा. कोष खाली पडला असेल तर घाबरू नका. मऊ टिश्यूवर ठेवा आणि अगदी लगत खडबडीत कापड किंवा काटकी उभी करा, म्हणजे बाहेर आल्यावर फुलपाखराला लगेच वर चढता येईल.

ऊबदार दिवसांत आठवडा-दहा दिवस लागतात. कोष काळसर झाला आणि त्याला बारीक गोल भोक दिसलं, तर परजीवी गांधीलमाश्या निघून गेल्या. कोषातून किंवा मोठ्या अळीतून पांढऱ्या अळ्या चिकट धाग्यावरून खाली उतरल्या तर ती टॅकिनिड या परजीवी माशीची पिल्लं. घरातल्या मुलांना याचं फार वाईट वाटतं, आणि वाटू द्यावं. पण त्यांना हेही सांगा की या माश्या आणि गांधीलमाश्या नसत्या तर लिंबाच्या बागांना पान राहिलं नसतं. अंडं किंवा अगदी लहान अळी घरात आणली तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

डिसेंबर-जानेवारीत झालेला कोष कधीकधी कित्येक आठवडे तसाच राहतो. हलकासा स्पर्श केल्यावर हलला, किंवा वजनदार आणि हिरवा-तपकिरी सतेज दिसला, तर तो जिवंत आहे. फेकू नका, थांबा.

पायरी ८: बाहेर येण्याची सकाळ

आदल्या दिवशी कोषाचं आवरण पातळ, पारदर्शक होतं आणि आतून काळे पंख, पिवळे ठिपके दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. बहुतेक फुलपाखरं सकाळीच निघतात.

कोष डोक्यामागे तडकतो, आधी पाय बाहेर येतात, मग फुलपाखरू स्वतःला ओढून काढतं. पोट फुगलेलं, पंख चुरगळलेले आणि अंगठ्याच्या नखाएवढे. ते ताबडतोब वर चढून पंख खाली लोंबतील असं धरून बसतं. पोटातला द्रव पंखांच्या शिरांत पंप करत ते पंख उलगडतं; दहा-वीस मिनिटांत पंख पूर्ण आकाराला येतात. या वेळी त्याच्या खाली आणि बाजूंना किमान १२ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. जागा कमी पडली किंवा ते घसरून तळाला पडलं तर पंख वाकडे वाळतात, आणि एकदा वाळले की ते दुरुस्त होत नाहीत. पडलं तर लगेच काटकी किंवा बोट पुढे करा, ते आपणहून चढेल.

त्याची सोंड सुरुवातीला दोन वेगळ्या धाग्यांची असते. सोंड गुंडाळत-उलगडत ते दोन्ही अर्ध्या नळ्या जोडून एक नळी करतं. पोटातून रंगीत पाण्याचे थेंब पडतील, ते रक्त नव्हे. कोषात साठलेली टाकाऊ द्रव्यं ते टाकून देतं.

कोष फोडायला मदत करू नका. चिमटा, सुई, काहीही नको. बाहेर येण्याची धडपड हा त्याच्या शरीराचा क्रम आहे, आणि घाईने सोललेल्या कोषातलं फुलपाखरू सहसा पंख नीट उघडत नाही.

पायरी ९: सोडणं

पंख कडक व्हायला दोन-तीन तास द्या. पंख उघडमीट करू लागलं की डबा बाल्कनीत, फुलांजवळ न्या आणि कापड काढा. ऊन असेल तर ते अंग तापवून आपणहून निघतं. पाऊस धो धो पडत असेल किंवा संध्याकाळ झाली असेल तर रात्रभर डब्यातच राहू द्या. पहिल्या दिवशी त्याला खायची निकड नसते. पंखांना चिमटीत धरून उडवू नका, बोटांना लागणारी पूड म्हणजे त्याच्या पंखांवरचे खवले असतात आणि ते पुन्हा येत नाहीत.

कुंड्यांत पेंटास, सदाफुली, एक्झोरा असेल तर ती मकरंदासाठी येत राहतील. घाणेरीवरही फुलपाखरं जातात, पण ती मुद्दाम लावू नका, माळरानांत तिने आधीच खूप जागा बळकावली आहे. एका ताटलीत ओली माती ठेवली तर नर तिथे क्षार शोषायला उतरतात. आणि लिंबाची छाटणी करताना पालवीची दोन-चार टोकं राखून ठेवा, मादीला अंडी घालायला तीच लागतात.

यानंतर दुसरं कोणतं फुलपाखरू पाहावं असं विचाराल तर मी बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर, सुचवेन. त्याची अळी रुईच्या पानांवर मिळते: काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या लांब तंतूंच्या तीन जोड्या. तिला लपायची गरज नाही, कारण रुईच्या चिकातलं विष अंगात साठवून ती बेचव झालेली असते आणि ते विष फुलपाखरातही उतरतं. तिचा कोष पाठीला दोरा न बांधता उलटा लटकतो, त्यामुळे कातडी टाकण्याची तीच कसरत तिथे आधाराशिवाय पाहायला मिळते. रुईची पानं तोडताना हातमोजे घाला आणि चीक डोळ्यांना लागणार नाही याची काळजी घ्या. मुलांना पानं तोडायला पाठवू नका.